आडवाटेची साठ पाने

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत हातात येणारी पाने नशिबाने ठरतात आणि ती कशी खेळायची, एवढेच खेळाडूच्या बुद्धीवर सोपवलेले असते. मेंढीकोट असो, पाच-तीन-दोन असो की रमी, ठरलेल्या पानांचा कॅट सर्वांना सामाईक असतो आणि त्यात कोणती पाने असावीत, हा प्रश्न खेळाडूला कधी पडत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफामध्ये संच १२० पानांचा असला, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर व एक्क्यापासून दहापर्यंतची पाने अशी त्याची रचना बरीच समृद्ध असली, तरी तो संचही चितारी कारागिराच्या हातून पूर्ण होऊनच खेळाडूकडे येतो. पाने वाटण्याच्या आधीचा, म्हणजे गड्डी कशाची करावी याचा विचार खेळाडूच्या अखत्यारीत आणण्याचे काम १९९३ मध्ये एका गणितज्ञाने केले आणि तेव्हापासून पत्ते खेळणे व पत्त्यांची गड्डी रचणे या दोन स्वतंत्र विद्या झाल्या. या लेखाचा विषय दुसरी विद्या हा आहे, आणि त्यातही तिची सर्वांत अवघड, सर्वांत उपेक्षित शाखा: रुळलेल्या वाटा सोडून, कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या पानांमधून विजयाची साखळी उभी करणारी गड्डी.

नागपूरच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण पटावर बसण्याआधी घरात केलेल्या तयारीचे मोल या शहराने बुद्धिबळाच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे. २०१९ मध्ये रौनक साधवानी वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, २०२१ मध्ये संकल्प गुप्ता त्या पदाला पोहोचला, आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे दिव्या देशमुखने अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला व त्याच विजयासह ती ग्रँडमास्टर झाली. अशा खेळाडूंच्या यशामागे सुरुवातीच्या चालींचा जो अभ्यास असतो, त्यात प्रतिस्पर्ध्याने फारसा न पाहिलेला एखादा प्रकार शोधून ठेवणे हे नेहमीचे काम असते. मात्र बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी सारखीच मिळतात आणि ती सगळी उघड्यावर असतात, तर येथे मोहरी कोणती घ्यायची हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे असते, ती प्रतिस्पर्ध्याला दिसत नाहीत, आणि पिसल्यानंतर कोणती केव्हा हाती येतील हे मालकालाही ठाऊक नसते. तयारीची कसोटी म्हणूनच येथे अधिक कठोर होते.

या खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’, आणि त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात संयोजनशास्त्रात, म्हणजे मोजणीच्या व मांडणीच्या गणितात, त्याने १९९३ मध्येच डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेतील सिअॅटल परिसरात नव्यानेच सुरू झालेल्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीचे पीटर अॅडकिसन यांच्याकडे तो १९९१ मध्ये पटावरचा एक खेळ घेऊन गेला होता. तो छापणे कंपनीला परवडणारे नव्हते, म्हणून कुठेही सहज नेता येईल आणि थोड्या वेळात संपेल असे काहीतरी कर, असे त्याला सुचवण्यात आले. त्यातून जो प्रकार जन्मला त्याला ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात: पाने बंद पाकिटांतून विकत घ्यायची, इतरांशी अदलाबदल करायची आणि आपल्या संग्रहातून आपली गड्डी, म्हणजे डेक, रचायची. आजच्या सर्वसाधारण नियमानुसार डेकमध्ये किमान ६० पाने लागतात आणि मूलभूत भूमीची पाने वगळता एका नावाची चारपेक्षा जास्त पाने चालत नाहीत. प्रत्येक खेळाडू २० प्राणांकांनिशी सुरुवात करतो. भूमीच्या पानांतून ‘माना’ नावाची ऊर्जा मिळते आणि ती खर्च करून बाकीची पाने, म्हणजे प्राणी, मंत्र किंवा वस्तू, खेळता येतात. भारतातल्या मुलांच्या अधिक परिचयाच्या पोकेमॉनच्या पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्यानेही ६० पानांची व चार प्रतींची हीच चौकट स्वीकारली.

डेकचे ढोबळमानाने तीन स्वभाव मानले जातात. पहिला सुरुवातीपासून झपाट्याने हल्ला करतो. दुसरा प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक हालचाल निष्फळ करत डाव लांबवतो. तिसरा, ज्याला कॉम्बो म्हणतात, तो सुटी सुटी असताना किरकोळ वाटणारी दोन-तीन पाने एकत्र आणून एकाच खेळीत डाव संपवतो. या तिसऱ्या स्वभावाचे बीज पहिल्याच संचात होते. ‘ब्लॅक लोटस’ हे पान फुकट खेळता येई आणि तीन माना देई. त्यांतील दोन खर्चून ‘चॅनेल’ खेळले की स्वतःचे प्राणांक देऊन तितका माना घेता येई. अशा रीतीने १९ प्राणांक पणाला लावून, उरलेला एक माना मिळवून आणि एका डोंगराच्या पानातून लाल माना घेऊन ‘फायरबॉल’ सोडला, की प्रतिस्पर्ध्याचे २० प्राणांक पहिल्याच पाळीत संपत. सुरुवातीला तर एका पानाच्या कितीही प्रती घेता येत असत. १९९४ मध्ये प्रतींची मर्यादा आणि निर्बंधित पानांची यादी आली, ती अशाच अनुभवांमुळे.

परंतु चॅनेल व फायरबॉल ही जोडी पाने वाचताच दिसते. कॉम्बो रचण्याची कला म्हणून जिच्याकडे पाहावे अशी पहिली मोठी कृती एप्रिल १९९७ मध्ये पॅरिस येथील प्रो टूर या व्यावसायिक स्पर्धेत दिसली, जिथे माइक लाँग या अमेरिकन खेळाडूने ‘प्रॉस्पेरिटी’ आणि ‘कॅडॅव्हरस ब्लूम’ या पानांभोवती रचलेल्या डेकने अंतिम सामन्यात मार्क जस्टिस याला हरवले. तिचे अंतरंग तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण चांगल्या कॉम्बोची जवळपास सगळी लक्षणे तिच्यात आहेत.

या रचनेची गुरुकिल्ली म्हणजे कॅडॅव्हरस ब्लूम. ते मैदानावर असताना हातातले कोणतेही पान खेळाबाहेर टाकावे आणि त्याबदली दोन काळे किंवा दोन हिरवे माना घ्यावेत, एवढेच त्यावर लिहिलेले असते. हातातली पाने जाळून ऊर्जा मिळवणे हा उघडउघड तोट्याचा व्यवहार आहे, कारण पाने संपली की खेळाडू हतबल होतो. प्रॉस्पेरिटी या मंत्रासाठी एक निळा माना आणि त्याशिवाय मनाला येईल तितका माना द्यायचा, म्हणजे दोन्ही खेळाडू तितकी पाने उचलतात. प्रतिस्पर्ध्यालाही तितकीच पाने मिळत असल्यामुळे हाही सौदा सामान्यच. आता दोन्ही एकत्र पाहावीत. मैदानावर ब्लूम आहे, हातात प्रॉस्पेरिटी व इतर चार पाने आहेत; चार पाने जाळून आठ माना मिळतात, निळा माना एका भूमीतून येतो, आणि आठ नवी पाने हाती पडतात. त्या आठांत आणखी एक प्रॉस्पेरिटी असेल तर उरलेल्या सातांचे चौदा माना होतात आणि चौदा पाने येतात. त्या चौदांत ‘ड्रेन लाइफ’ असेल, तर उरलेल्या तेरांपैकी अकरा पाने जाळून २२ काळे माना उभे राहतात. ड्रेन लाइफचा मूळ खर्च दोन माना वजा केला की बरोबर २० उरतात, आणि प्रतिस्पर्ध्याचे प्राणांकही २०. त्याच्या हातात आलेल्या बावीस नव्या पानांचा त्याला काहीही उपयोग होत नाही, कारण त्याची पाळी येतच नाही.

ब्लूम खेळायला पाच माना लागतात, तेवढे लवकर कुठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तरही दोन दुर्लक्षित पानांच्या जोडीतच सापडले. ‘स्क्वाँडर्ड रिसोर्सेस’मुळे भूमीचे पान बळी देऊन त्यातून एक जादा माना मिळतो, आधी भूमी नेहमीप्रमाणे वापरायची आणि मग बळी द्यायची, म्हणजे चार भूमींतून आठ माना निघतात आणि खेळाडू भूमिहीन होतो. ‘नॅचरल बॅलन्स’ हे पान, ज्याच्याकडे भूमी कमी आहे त्याला आपल्या गड्डीतून शोधून पाचपर्यंत भूमी मैदानावर मांडू देते. हे पान छापणाऱ्यांनी ते मागे पडलेल्या खेळाडूला सावरण्यासाठी लिहिले असावे असे त्याच्या मजकुरावरून वाटते. येथे मात्र खेळाडू स्वतःला हेतुपुरस्सर कंगाल करतो आणि ती मदत हक्काने वसूल करतो. दुसऱ्या कोणाच्या दृष्टीने तोट्याचे असलेले कलम आपल्या मांडणीत फायद्याचे कसे होईल, हा शोध म्हणजेच या विद्येचा गाभा होय. ती साधणाऱ्याला पानांची ताकद मोजून भागत नाही; त्यांवरील मजकूर शब्दशः, एखाद्या कायद्याच्या कलमासारखा, वाचावा लागतो.

इतके साधले तरी काम अर्धेच झालेले असते, कारण उरलेले अर्धे काम संभाव्यतेचे आहे, आणि आडवाटेच्या बहुतेक डेक तिथेच कोसळतात. ६० पानांत एखाद्या पानाच्या चार प्रती असतील आणि सुरुवातीला सात पाने हाती येत असतील, तर त्या पानाची किमान एक प्रत मिळण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के भरते. जो पहिली पाळी घेतो तो चौथ्या पाळीपर्यंत एकूण दहा पाने पाहतो. तोवर ही शक्यता ५३ टक्क्यांवर जाते. पण कॉम्बोला दोन वेगवेगळी पाने हवी असतील आणि दोहोंच्या चार-चार प्रती असतील, तर दहा पानांत दोन्ही सापडण्याची शक्यता २६.५ टक्के, आणि तीन वेगवेगळी पाने हवी असतील तर ती १२.६ टक्के एवढीच राहते. तीन पानांची अद्भुत साखळी सुचल्याच्या आनंदात नवा रचनाकार हा शेवटचा आकडा काढायला विसरतो, आणि आठपैकी सात डावांत साखळी वेळेवर जुळली नाही की दोष नशिबाला देतो. दोष पिसण्यात नसतो. तो आकडा पहिल्या दिवसापासून डेकमध्येच लिहिलेला असतो.

यावर तीन उपाय रूढ आहेत आणि तिन्हींची किंमत मोजावी लागते. पहिला म्हणजे गड्डीतून हवे ते पान शोधून देणारी पाने, ज्यांना ट्यूटर म्हणतात, ती घालणे: एका घटकाच्या चार प्रतींना चार ट्यूटरांची जोड दिली की त्या घटकाचे आठ पर्याय होतात आणि दहा पानांतील शक्यता ५३ वरून ७९ टक्क्यांवर जाते, मात्र ट्यूटर खेळायलाही माना किंवा प्राणांक लागतात आणि त्यात वेळ जातो. दुसरा उपाय असा की जादा पाने उचलून देणारे मंत्र घालून गड्डी वेगाने चाळावी. तिसरा म्हणजे वाईट हात परत करणे, ज्याला मलिगन म्हणतात. २०१९ पासून लागू असलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक वेळी नवी सात पाने पाहता येतात आणि जितक्या वेळा हात बदलला तितकी पाने निवडून गड्डीच्या तळाशी ठेवावी लागतात. निवडीची ही मुभा कॉम्बो डेकला इतर कोणत्याही डेकपेक्षा अधिक मानवते, कारण तिला भरपूर पाने नको असतात, नेमकी पाने हवी असतात.

याखेरीज चौथा उपाय आहे, आणि तो पुरेसा ओळखला जात नाही: एकसारखे काम करणारी, पण वेगळ्या नावांची पाने शोधणे. चार प्रतींची मर्यादा नावाला आहे, कामाला नाही. या उपायाचे सर्वांत देखणे उदाहरण ‘लँटर्न कंट्रोल’ या डेकचे आहे, आणि आडवाटेच्या रचनेचा आदर्श म्हणून पॅरिसच्या डेकपेक्षाही तिलाच वरचे स्थान द्यावे लागते.

‘लँटर्न ऑफ इन्साइट’ हे पान २००४ मध्ये छापले गेले. त्यामुळे दोन्ही खेळाडूंच्या गड्डीतील सर्वांत वरचे पान उघडे राहते; त्याने कोणी मरत नाही की कोणाचे रक्षण होत नाही. २०११ मधील ‘गूलकॉलर्स बेल’ दोन्ही गड्ड्यांतील वरचे एकेक पान टाकून देते, २०१२ मधील ‘कोडेक्स श्रेडर’ निवडलेल्या एका खेळाडूचे. ही पाने कोणी जपून ठेवावीत अशी नव्हती. त्यांच्यासोबत १९९८ चे जुने ‘एन्स्नेअरिंग ब्रिज’ आले, ज्याच्यामुळे खेळाडूच्या हातातील पानांच्या संख्येपेक्षा अधिक ताकदीचा प्राणी हल्ला करू शकत नाही. हात रिकामा केला की एक ताकदीचा प्राणीसुद्धा थांबतो. आता प्रतिस्पर्ध्याचे पुढचे पान लँटर्नमुळे दिसते. ते निरुपद्रवी असेल तर त्याला उचलू द्यायचे आणि धोक्याचे असेल तर बेल किंवा श्रेडर वापरून टाकून द्यायचे. प्रतिस्पर्ध्याच्या गड्डीतील एक चतुर्थांश पाने धोक्याची मानली, तर असे एक यंत्र हाताशी असताना धोक्याचे पान त्याच्या हाती पडण्याची शक्यता साधारण १६ मध्ये १, दोन यंत्रे असताना ६४ मध्ये १ आणि तीन असताना २५६ मध्ये १ इतकी उतरते, कारण तितकी धोक्याची पाने लागोपाठ यावी लागतात. सारखे काम करणारी यंत्रे वेगवेगळ्या नावांनी उपलब्ध असल्यामुळे त्यांची संख्या चारांत अडकत नाही. प्रतिस्पर्धी खेळत राहतो, पाने उचलत राहतो, पण काय उचलायचे हे समोरचा ठरवतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये झॅक एल्सिक याने ओक्लाहोमा सिटीची ग्रँड प्री स्पर्धा या डेकने जिंकली, तेव्हा लँटर्न छापून अकरा वर्षे झाली होती. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये अर्जेंटिनाच्या लुइस साल्वातो याने स्पेनमधील बिल्बाओ येथे प्रो टूर जिंकून ही निव्वळ कुतूहलाची वस्तू नाही हे सिद्ध केले. इतकी वर्षे ही पाने सर्वांना उपलब्ध होती, त्यांवरचा मजकूरही बदलला नव्हता. बदलली ती वाचण्याची दृष्टी.

अपरिचित डेकला मिळणारा फायदा भावनिक नाही, तो मोजता येतो. स्पर्धेत बहुधा तीन डावांचा सामना असतो आणि प्रत्येकाला ६० पानांखेरीज १५ राखीव पाने बाळगता येतात, जी पहिल्या डावानंतर प्रतिस्पर्ध्यानुसार आत घेता येतात. ही पंधरा पाने कोणती असावीत हे खेळाडू ‘मेटागेम’ पाहून, म्हणजे त्या काळात कोणकोणत्या डेक किती प्रमाणात खेळल्या जातात याचा अंदाज घेऊन, ठरवतो. ज्या डेकची कोणी अपेक्षाच केलेली नसते, तिच्याविरुद्ध त्या पंधरांतील फार थोडी पाने उपयोगी पडतात, आणि पहिल्या डावात तर प्रतिस्पर्ध्याला धोका कोठे आहे हेही समजत नाही. पण हा लाभ विजयाबरोबरच आटत जातो: डेक प्रसिद्ध झाली की तिच्यावरचा उतारा राखीव पानांत शिरतो. म्हणून आडवाटेच्या डेकचे आयुष्य तिच्या अनोखेपणावर बेतलेले असू नये. अनोखेपणा संपल्यावरही तिच्यात काही शिल्लक उरावे. लँटर्न त्या कसोटीला उतरली, बहुतेक जणी उतरत नाहीत.

कॉम्बोचा अतिरेक खेळालाच मारतो, हेही तितकेच खरे. ऑक्टोबर १९९८ मधील ‘अर्झाज सागा’ या संचानंतर ‘टोलेरियन अकॅडमी’भोवतीच्या डेक इतक्या लवकर डाव संपवू लागल्या की तो काळ ‘कॉम्बो विंटर’ म्हणून ओळखला जातो. पाठोपाठ बंदीचे निर्णय झाले आणि १९९९ मधील ‘मेमरी जार’वर तर तातडीने बंदी घालावी लागली. बंदीला अन्याय मानणारे खेळाडू आजही आहेत, परंतु समोरच्याला एकही निर्णय घेऊ न देणारा खेळ हा खेळ उरत नाही, हे मान्य करायला हवे. दुसरीकडे पानांच्या परस्परसंबंधांची खोली किती आहे, याचा पुरावा २०१९ मध्ये अॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांच्या शोधनिबंधाने दिला. खऱ्या, नियमात बसणाऱ्या पानांची अशी मांडणी त्यांनी दाखवली की ती ट्युरिंग यंत्राप्रमाणे, म्हणजे कोणतेही गणन करू शकणाऱ्या काल्पनिक संगणकाप्रमाणे, चालते. परिणामी काही स्थितींत विजेता कोण हे आधी ठरवून देणारी कोणतीही सर्वसाधारण रीत असू शकत नाही.

नागपुरात बसून ही विद्या शिकणाऱ्यापुढे प्रश्न येतो तो साधनांचा. ही पाने परदेशी बनावटीची, नावाजलेल्या डेकमधील पाने महाग, आणि चुकीची पाने घेतली तर पैसे वाया. आडवाटेची रचना येथे उलट सोयीची ठरते, कारण ती मुळात कोणाला नको असलेल्या पानांतून उभी राहते आणि अशी पाने स्वस्त असतात. शिवाय पान विकत घेण्याआधी ते तपासता येते. अधिकृत स्पर्धेत खरीच पाने लागतात, पण घरच्या सरावाला कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात: पानाचे नाव, त्याचा माना-खर्च आणि त्यावरचा मजकूर मराठीत लिहून चिठ्ठी जुन्या पत्त्यावर अडकवावी, साठ चिठ्ठ्या पिसाव्यात, आणि समोर कोणी नाही असे समजून एकट्याने डाव खेळावा. या एकट्याच्या सरावात कॉम्बो कितव्या पाळीत जुळला, जुळला नाही तर कोणता घटक अडला आणि हातात निरुपयोगी पान कोणते पडून राहिले, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक डावानंतर वहीत लिहाव्यात. पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या घराघरांत पत्त्यांचे डाव रंगतच असतात. त्याच दुपारी या सरावालाही पुरेशा आहेत. वहीतील नोंदी पन्नास-साठ डावांच्या झाल्या की कोणते पान काढावे हे नोंदीच सांगू लागतात, आणि बहुधा काढावे लागते ते रचनाकाराचे सर्वांत लाडके पान.

शहरातील बुद्धिबळ वर्गांनी आणि अकरावीला क्रमचय-संचय शिकवणाऱ्या शिक्षकांनी या सरावाकडे गांभीर्याने पाहावे, अशी विनंती येथे करावीशी वाटते. त्यासाठी एकही परदेशी पान विकत घ्यावे लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी ६० कोऱ्या चिठ्ठ्या घ्याव्यात, चारांवर एक खूण आणि दुसऱ्या चारांवर दुसरी खूण करावी, नीट पिसून वरच्या दहा चिठ्ठ्या उचलाव्यात, दोन्ही खुणा आल्या की नाहीत हे लिहावे आणि असे शंभर वेळा करावे. होकाराच्या नोंदी २६-२७ च्या आसपास भरतील.